ड्रम सँडर घेण्यापूर्वी

(मंडळाच्या कोराडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी 'समाजापुढील प्रश्न' ह्या विषयावर चार शब्द बोलावयास आम्हांस सांगितले, तेव्हा विषय थोडा लहान करून द्यावा, अशी विनंती आम्ही त्यांस केली. शिक्षण, हुंडा, वसतिगृह, वधूवरसूची ह्यांवर ह्या व्यासपीठावरून उत्तमोत्तम भाषणे झालेली आहेत, आणि त्यांत भर घालण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत आपल्यापैकी निदान सहा तरुणांनी घरी येऊन आम्हांस एकच प्रश्न विचारला : 'गुरुजी, ड्रम सँडर घेऊ का?' कोणी कर्जाचे कागद बरोबर आणले होते, कोणी यंत्राचे चित्र. प्रत्येकास निरनिराळे उत्तर देण्याऐवजी सर्वांस एकदाच सांगावे, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि जन्म सुताराच्या घरातला. वडिलांचा रंधा, पटाशी आणि गुण्या अद्याप घरात आहेत, आणि पुतण्याच्या कारखान्यात हे यंत्र चालताना आम्ही अनेकवार, जवळ उभे राहून, पाहिले आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचा आता ह्या धंद्याशी संबंध उरलेला नाही. कोणी वीजकेंद्रात आहेत, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. त्यांच्याकरिता यंत्राची ओळख करून देणे अवश्य आहे. पोळी लाटण्याचे लाटणे डोळ्यांपुढे आणा. ते धातूचे, हातभर लांब आणि चार-पाच इंच जाड आहे असे समजा. त्याला काचकागद, ज्याला आपले कारागीर रेगमाल म्हणतात, नागमोडी गुंडाळला आहे, आणि विजेच्या मोटरीने ते गरगर फिरते आहे. त्याच्या खाली एक पट्टा संथपणे सरकत असतो. पट्ट्यावर फळी ठेवली की ती एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने घासून बाहेर येते. फिरणारा ढोल आणि पट्टा ह्यांमधील अंतर चाक फिरवून कमी-अधिक करता येते. यंत्र ते एवढेच. पण त्यातून निघालेली फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची असते; आणि सागाच्या ज्या उलट्या तंतूंवर रंधा लागताच लाकूड उखडते, ते तंतूही न उखडता सपाट होतात. मोह पडावा अशीच ती फळी असते.

येथे पहिली सावधगिरी. 'ड्रम सँडर' ह्या एकाच नावाने बाजारात निदान तीन यंत्रे फिरतात. वर सांगितले ते एक. लाकडी जमीन घासण्याचे, ढकलत न्यावयाचे दुसरे. त्याचा आपणांस काडीइतका उपयोग नाही. आणि तिसरे म्हणजे उभ्या दांड्यावर बसविलेला छोटासा ढोल, ज्यावर वळणदार वस्तू हाताने धरून घासतात. आपल्या नागपूर भागात तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी करणारे जे कारागीर आहेत, त्यांना हवे असते ते हे तिसरे यंत्र. नंदीची मान आणि वशिंड पट्ट्यावरून जाणार नाही. फळीसारखे सपाट जे असेल तेच पहिल्या यंत्राचे काम. मागणी नोंदविताना नाव सांगून थांबू नये, काम सांगावे.

आता खरा प्रश्न : हे यंत्र कोणी घ्यावे? आज आपल्या तरुणांच्या दहा कामांपैकी बहुतेक कामे प्लायवूड आणि सनमायक्याची असतात. कपाटे, स्वयंपाकघरातील फडताळे, पलंगाच्या पेट्या. त्या कामात ह्या यंत्राला करण्याजोगे काही नाही. उलट वरचा व्हीनिअरचा थर सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. चाक जरा अधिक फिरले की सागाचा देखणा मुखवटा धुळीत जाऊन खालचे लाकूड उघडे पडते. जो भरीव लाकडाचे काम करतो, म्हणजे सागवानी दरवाजांचे पल्ले, जोडफळ्यांची मेजे, देव्हारे, पाट, झोपाळ्याच्या फळ्या, त्यानेच ह्या यंत्राचा विचार करावा. आणि त्यानेही आपल्यापाशी आधी जाडी काढणारे रंधायंत्र आहे काय, हे पाहावे. रंधा कापतो, रेगमाल ओरबाडतो. ज्या फळीवरून तीन मिलिमीटर उतरवावयाचे आहेत ती ड्रम सँडरमध्ये घालणे म्हणजे विहीर चमच्याने उपसणे होय. ८० नंबरच्या रेगमालावर एका फेरीत पाव मिलिमीटरहून अधिक घेऊ नये, आणि १२० च्या पुढे त्याच्या निम्मेच. घाई केली तर मोटर कण्हते, लाकूड जळते आणि कागद फाटतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक, हे सर्वांस ठाऊक आहेच. ८० नंबरचा कण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो आणि १२० चा आठव्या हिश्श्याएवढा. ८० नंतर एकदम २२० लावल्यास पहिले ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढविल्यावर ते ग्राहकास आधी दिसतात, कारागिरास मागून.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग हातानेच घासावे हे बरे. ह्यावर आम्हांस थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण ही गोष्ट आपल्या घरांतली आहे.

सुताराच्या घरात रंधा बाप मारतो, पटाशी थोरला मुलगा धरतो. पण घासणे कोणाच्या वाट्यास येते? ज्याला दुसरे काही येत नाही असे समजले जाते, त्याच्या. म्हणजे घरातल्या बायकांच्या आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या. लग्नसराईत दरवाजांची घाई असली म्हणजे सोमवारी वर्गात आपल्या समाजाची मुले आम्हांस चेहऱ्यावरून नव्हे, बोटांवरून ओळखू येत. रेगमालाने पेरांची कातडी झिजून गुळगुळीत झालेली असे. पाटीवर अक्षर काढताना ती दुखत. त्या मुलांनी तक्रार केल्याचे आम्हांस आठवत नाही. ह्या श्रमाची मजुरी कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही, म्हणून 'हाताने घासणे स्वस्त पडते' असे आपण म्हणू शकतो. ती स्वस्ताई कोणाच्या हातून येते हे पाहिले, म्हणजे यंत्राविषयीचा आमचा कल कोणीकडे आहे ते निराळे सांगावयास नको.

परंतु यंत्र आले की बोटे वाचतात आणि छातीवर संकट येते. आपले कारखाने म्हणजे बहुधा घराचाच पुढचा सोपा किंवा अंगणातील पत्र्याची पडवी. मधे एक भिंत, पलीकडे चूल. दोन फूट रुंद व सहा फूट लांब अशा एका फळीच्या एका बाजूवरून एकूण एक मिलिमीटर लाकूड उतरविले, तर त्याचे घनफळ एक लिटरहून थोडे अधिक भरते. साग असेल तर वजन सुमारे पाऊण किलो. हाताने घासताना ही धूळ दिवसभरात सावकाश पडते. यंत्र ती काही मिनिटांत हवेत उधळते. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात आणि चुलीत जाऊन उपयोगी पडतात. ही धूळ पडत नाही, तरंगते. तिच्यातील जो अंश डोळ्यांस दिसतो तो नाकात अडकतो. जो दिसत नाही तो फुप्फुसात उतरतो.

कोराडीत राहणाऱ्यांना धूळ म्हणजे काय ते आम्ही सांगावे, हे जरा विनोदाचेच आहे. येथील वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. तेव्हापासून राखेशी आपली ओळख आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात खसाळ्याचा राखबंधारा फुटून राखमिश्रित पाणी शेतांत शिरले, ते ह्या परिसराने पाहिले. त्या राखेविषयी आपण निवेदने देतो, सभा भरवितो, आणि ते योग्यच आहे. पण स्वतःच्या सोप्यात स्वतःच्या मोटरीने उडविलेल्या धुळीविषयी कोणाला निवेदन द्यावयाचे?

ही धूळ निरुपद्रवी नाही. इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील फर्निचर-कामगारांत नाकाच्या आतील एका विरळ कर्करोगाचे प्रमाण असाधारण आहे, असे १९६० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांच्या ध्यानी आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. दमा आणि खोकला हे तर जवळचे सोबती. आमचे एक चुलते शेवटची आठ वर्षे बसून झोपत असत. त्याचे कारण लाकडाची धूळच, असे आम्ही म्हणणार नाही. ते विडीही ओढीत. पण तोंडाला पंचा गुंडाळला की झाले, ही त्यांची समजूत आजही तरुणांत आढळते, आणि ती समजूत मात्र निखालस खोटी आहे. पंच्याच्या छिद्रांतून ही धूळ सहज पार होते. एन-९५ जातीचा मुखपट्टा, तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला, हा किमान उपाय. आणि तो केवळ यंत्र चालविणाऱ्याचा बचाव करतो, भिंतीपलीकडे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा नव्हे.

म्हणून आमचे सांगणे असे की, ड्रम सँडरची किंमत म्हणून दुकानदार जो आकडा सांगतो, ती निम्मीच गोष्ट आहे असे समजावे. धूळ ओढणारे यंत्र त्याच दिवशी, त्याच कर्जात घ्यावे. 'पुढच्या वर्षी घेऊ' म्हणून ठेवलेले ते यंत्र कोणी पुढच्या वर्षी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. सोळा इंची सँडरलासुद्धा मिनिटाला पाचशे ते सहाशे घनफूट हवा ओढणारे साधन लागते आणि नळी चार इंचांहून बारीक चालत नाही. झाडलोटीचे व्हॅक्यूम त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. आणखी एक मेख पिशवीत असते. साध्या कापडी पिशवीतून जाड धूळ अडते आणि बारीक, म्हणजे खरी घातक, धूळ फुंकल्यासारखी पुन्हा खोलीतच येते. एक मायक्रॉनपर्यंत गाळणारी गाळणी आहे काय, हे विचारावे. ते परवडत नसेल तर ओढणारे यंत्र सोप्याच्या बाहेर, वाऱ्याची दिशा आणि शेजाऱ्याची खिडकी पाहून, ठेवावे.

रुंदीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पण तरुणांना तोच मोठा वाटतो. ह्या यंत्रांचे दोन प्रकार : एकात ढोल दोन्ही टोकांना आधारलेला, दुसऱ्यात एक टोक मोकळे. मोकळ्या टोकाच्या सोळा इंची यंत्रातून फळी उलट फिरवून दोनदा घातली की बत्तीस इंचांपर्यंतचे काम होते, असे विक्रेते सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु एका टोकाचा आधार नसल्याने ढोल सूतभर जरी तिरपा असला तरी दोन फेऱ्यांच्या सीमेवर एक रेघ उठते. ती डोळ्यांस दिसत नाही, पॉलिशनंतर दिसते. अशा यंत्राचा ढोल पट्ट्याशी समांतर करण्याची सोय कोठे आहे आणि ती किती सुलभ आहे, हे दुकानातच करून पाहावे. वर्षातून दोन-चार रुंद मेजे करणाऱ्याने त्याकरिता भले मोठे यंत्र घेऊ नये. महिन्याला वीस पल्ले करणाऱ्याने सोळा इंचांवर भागवू नये. आपल्या वहीतील गेल्या बारा महिन्यांची कामे मोजावी, पुढील बारा महिन्यांची स्वप्ने मोजू नयेत.

लाकूड कोणते, ह्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आपला विदर्भ सागाचा. आलापल्लीचा साग, बल्लारशाचा डेपो, नागपुरातील लकडगंजच्या वखारी ही नावे आपल्या घरांत देवांच्या नावांसारखी घेतली जातात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराकरिता बल्लारपूरहून सागवान गेले, तेव्हा आपल्या समाजास वाटलेला अभिमान आम्हांस आठवतो. पण हाच साग रेगमालाचा शत्रू. त्यात तेल असते, त्यामुळे घासलेला भुगा कणांच्या फटीत चिकटून बसतो आणि कागद गुळगुळीत होतो. त्यात वाळूच्या जातीचा सिलिका असतो, तो हत्याराची धार खातो. असा भरलेला कागद पुढे घासत नाही, जाळतो, आणि फळीवर तपकिरी पट्टा उमटतो. कच्च्या रबराची एक कांडी मिळते; ती फिरत्या ढोलावर धरली की चिकटलेला भुगा निघून येतो. धूळ ओढणे चालू असावे आणि हात ढोलापासून दूर असावा, एवढे पथ्य. कागदाचा खर्च मात्र आंब्याच्या किंवा बाभळीच्या अनुभवावरून नव्हे, सागाच्या अनुभवावरून धरावा. जुन्या वाड्यांचे लाकूड घेणाऱ्यांनी प्रत्येक खिळा शोधून काढल्यावाचून फळी यंत्रास दाखवू नये. एका खिळ्याने कागद तर फाटतोच, शिवाय ठिणगी धुळीच्या पिशवीत जाते.

विजेविषयी दोन शब्द. ६६० मेगावॅटचे तीन संच ज्या गावी उभे आहेत, तेथील सुताराच्या सोप्यात बहुधा एकच फेज असते, ह्याला दैवगती म्हणावे की अर्जाचा आळस, ते आपण ठरवावे. दोन अश्वशक्तीचा सँडर आणि दोन अश्वशक्तीचे धूळयंत्र एकाच वेळी चालले पाहिजे. म्हणजे २३० व्होल्टवर वीस अँपिअरच्या आसपास भार, आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट झटका. तारा आणि स्विच त्या मानाचे हवेत, मीटर धंद्याचा हवा. तीन अश्वशक्तीच्या पुढे जावयाचे असेल तर तीन फेजची जोडणी आधी, यंत्र मागून. आणि परदेशी चित्रे पाहून यंत्र मागविणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तिकडची मोटर इकडे, दाब जुळविला तरी, एक षष्ठांशाने मंद फिरते. मोटरीवरील पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशांचे गणित आम्ही शिक्षकाच्या सवयीने मांडतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत अवजारांकरिता १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. पहिले लाख अठरा महिन्यांत फेडावयाचे, म्हणजे दरमहा सुमारे पावणेसहा हजार रुपये. आता वहीत मोजा : महिन्याला तुम्ही किती चौरस फूट भरीव लाकूड घासता, त्यास किती तास लागतात, आणि त्या तासांत दुसरे काम मिळाले असते काय? वाचलेल्या तासांना काम नसेल तर यंत्र वेळ वाचवील, हप्ता भरणार नाही. अशा तरुणाने हातात धरावयाचा, कंप पावत गोल फिरणारा सँडर घ्यावा. तो काही हजारांत मिळतो आणि अवजारांच्या रकमेत बसतो. किंबहुना ड्रम सँडर घेतला तरी तो लागतोच, कारण ढोलाचे ओरखडे सरळ रेषेत उठतात आणि शेवटचा हात त्यांवरून फिरवावाच लागतो.

ह्याखेरीज एक मार्ग आहे, आणि त्याचा मंडळाच्या कार्यकारिणीने विचार करावा, अशी आमची सूचना आहे. कोराडी, महादुला आणि कामठी ह्या टापूत भरीव लाकडाचे काम करणाऱ्या आपल्या तीन-चार कारखान्यांनी मिळून एकच यंत्र, चांगल्या धूळयंत्रासह, वस्तीपासून थोड्या दूर असलेल्या जागी बसवावे. तासाचा दर ठरवावा, वेळेची वही ठेवावी. 'भाऊबंदकीत हे टिकेल काय?' असा प्रश्न मागल्या रांगेतून येत आहे. तो रास्त आहे. आमच्या मते भांडण यंत्रावरून होणार नाही, कागदावरून होईल : भरलेला कागद कोणी ठेवला, फाटला कोणाच्या फळीने. त्यावर उपाय सोपा. ज्याने त्याने आपला रेगमाल आपल्या घरून आणावा, जाताना काढून न्यावा. पितळी भांडी एकमेकांच्या लग्नाला देताना बुडाशी नाव कोरण्याची आपली चाल आहे, तद्वत.

यंत्र पाहावयास जाल तेव्हा दुकानदाराची फळी वापरू नका. आपली, सागाची, निदान अठरा इंच रुंद जोडफळी बरोबर न्या. तिच्यावर पेन्सिलीने या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या नागमोडी रेषा काढा आणि ती एकदाच, अगदी हलका घास देऊन, यंत्रातून काढा. सोळा इंची यंत्र असेल तर फिरवून दुसऱ्यांदा. रेषा सर्वत्र सारख्या पुसट झाल्या तर ढोल समांतर आहे. एका कडेच्या गेल्या आणि दुसरीच्या राहिल्या तर तो तिरपा आहे. मग फळी दिव्यापुढे आडवी धरून मधली रेघ शोधा. शेवटी यंत्राच्या बाजूला जमिनीवर एक काळे कापड पसरा आणि ओळीने दहा फळ्या घाला. त्या कापडावर बोटाने आपले नाव लिहिता आले, तर सँडरचा भाव करण्याचे थांबवून धूळ ओढणाऱ्या यंत्राचा भाव विचारावा.